कोंब दिसण्यापूर्वीचे दिवस

(वाचनाचा शास्त्रभाग : मार्क ४:२६-२९)

माघ सरत आला म्हणजे मुळशीकडील घरांच्या परसात एक लहानसे काम सुरू होते. पहाटेची थंडी अजून गेलेली नसते, परंतु दुपारचे ऊन पाठीस लागू लागते. रानात हरभरा घाट्यावर आलेला असतो, आणि घरची बाई कोनाड्यात जपून ठेवलेल्या पुड्या सोडते. एकीत भेंडीचे बी, दुसरीत गवारीचे, तिसरीत काकडीचे, आणि चिंधीच्या गाठीत लाल माठाचे. इंग्रजी पुस्तकांतून वसंताचे जे वर्णन येते, की बर्फ वितळले व भूमी जागी झाली, ते आपल्या देशाचे नव्हे. आपल्याकडे भूमी मृगाच्या पावसाने जागी होते. माघात जे पेरावयाचे ते आभाळाच्या भरवशावर नव्हे, तर घागरीच्या भरवशावर पेरावे लागते.

मोशेने हा भेद फार पूर्वी सांगून ठेविला आहे. अनुवादाच्या अकराव्या अध्यायात तो इस्राएल लोकांस म्हणतो की, मिसर देशात तुम्ही भाजीच्या मळ्याप्रमाणे आपल्या पायांनी पाणी देत होता. ज्या देशात तुम्ही जात आहा तो आकाशाचे पाणी पितो. आम्हांस तर ही दोन्ही शेते एकाच घरी लाभली आहेत. पुढे भातखाचर आभाळाचे, मागे परस घागरीचे. खाचरात माणूस व मेघ दोघेही राबतात, आणि कोणाचे काम किती हे सांगणे कठीण पडते. परसातील वाफ्यात मात्र माणसाचा वाटा कोठे संपतो ते बोट ठेवून दाखविता येते. ते बोट कोठे ठेवावयाचे, एवढ्याच गोष्टीविषयी आम्ही ह्या वेळी लिहीत आहो.

वर दिलेला दृष्टांत चार शुभवर्तमानांपैकी एकट्या मार्काने नमूद केला आहे. पेरणाऱ्याचा दृष्टांत आपल्या उपासनांत वारंवार ऐकू येतो, हा क्वचितच. कारण उघड आहे. ह्यात उपदेशकास सांगण्याजोगे फार थोडे आहे. काटे काढा, खडक फोडा, असे काहीच त्यात नाही. एक मनुष्य भूमीत बी टाकतो, रात्री निजतो, सकाळी उठतो. बी रुजते आणि वाढते, आणि कसे ते त्याला समजत नाही. पुढे पीक तयार झाले म्हणजे तो विळा घेऊन जातो. मधल्या काळात भूमी आपल्या आपण काम करते, असे प्रभू म्हणतो. मूळ ग्रीक भाषेत येथे 'औतोमाते' असा शब्द आहे. नव्या करारात तो दोनच ठिकाणी आढळतो. एक येथे, आणि दुसरा प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात, पेत्र तुरुंगातून बाहेर निघाला तेव्हा नगराकडील लोखंडी दरवाजा उघडला त्या ठिकाणी. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात, भूमीच्या विसाव्याच्या वर्षी न पेरता जे उगवते त्यासही हाच शब्द लाविला आहे. तेव्हा 'आपोआप' म्हणजे कोणीच न करता, असा अर्थ नव्हे. माणसाचा हात न लागता, असा होय. तुरुंगाचा दरवाजा वाऱ्याने उघडला असे कोणी म्हणत नाही.

परंतु निजण्यापूर्वी त्या माणसाने काय केले होते ते विसरू नये. आळशी माणसास हा दृष्टांत फार आवडतो, म्हणून हे सांगणे भाग आहे. वाफा वीतभर खोल खणावा, ढेकळे फोडावी, दगड व हराळीची मुळे वेचून काढावी, आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. ते कुजताना तापते व कोवळ्या मुळास भाजते, शिवाय त्यात हुमणी होते. काकडी, दोडका, कारले ह्यांस आळी करावी व प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया टोचाव्या. भेंडीचे बी कठीण असते. ते रात्रभर पाण्यात ठेवावे. कारल्याचे टरफल त्याहून जाड, त्यास एक दिवस-रात्र पाणी हवे. धणा हा एक दाणा दिसतो, परंतु तो दोन बियांचे फळ आहे. म्हणून तो फळीखाली हलकेच रगडून दुभागावा व मग पेरावा. माठाचे बी इतके बारीक की मूठभर वाळूत मिसळल्यावाचून ते सारखे पडत नाही. एके ठिकाणी गर्दी होते व दुसरीकडे वाफा मोकळा राहतो. आणि बी किती खोल घालावे? बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, अधिक नाही. खोल घातलेले बी उगवण्याचा यत्न करते, परंतु त्याची शिदोरी वाटेतच संपते.

एवढे झाले, झारीने पाणी दिले, की माणसाचे बोट येथे थांबते.

आता भूमीत काय चालते? बी पाणी पिते व फुगते. टरफल तडकते. प्रथम मूळ निघते, कोंब नव्हे. बी आडवे पडो, उलटे पडो, मूळ खालीच जाते; त्यास वाट दाखवावी लागत नाही. ज्या दिवशी वरून वाफा अगदी उजाड दिसतो, त्याच दिवशी खाली सर्वांत मोठे काम झालेले असते. माठ व काकडी चार-पाच दिवसांत वर येतात, भेंडी व गवार आठवड्याच्या आत-बाहेर, कारले व कोथिंबीर आठ-दहा दिवसांनी, आणि मिरची त्याहूनही सावकाश. हा हिशेब उबदार मातीचा आहे. माघातल्या थंड रात्री पडल्या तर ह्यात आणखी तीन-चार दिवस मिळवावे. विद्वानांनी बियाच्या आतील क्रियेचा पुष्कळ शोध लाविला आहे आणि तो वाचावा असे आम्ही म्हणतो, कारण देवाची कृत्ये जाणण्यात पाप नाही. तथापि ज्याने ते सर्व वाचले त्याच्या वाफ्यातील कारलेदेखील दहाव्या दिवशीच उगवते.

ज्या घरी नातवंडे आहेत तेथे पुढचा प्रकार ठाऊकच असेल. मूल पहिल्या दिवशी संध्याकाळीच विचारते, "आजी, उगवलं का गं?" दुसऱ्या दिवशी काडीने माती उकरते. तिसऱ्या दिवशी बी बाहेर काढून पाहते, आणि मूळ फुटलेले दिसले की हर्षाने सर्वांस दाखविते. पुन्हा पुरलेले ते बी बहुधा मरते, कारण कोवळ्या मुळाचे टोक एकदा मोडले की झाले. शहाण्या आज्या अशा वेळी रागावत नाहीत. त्या मुलास एक निराळा डबा देतात आणि म्हणतात, "हा तुझा. यातलं वाटेल तेव्हा उकरून बघ. पण वाफ्याला हात लावायचा नाही." मूल उकरून शिकते, आणि वाफा वाचतो.

कोंबडीही उकरते, परंतु तिला पोट आहे. तिच्यासाठी बाभळीच्या काट्या पसराव्या. मुंग्या माठाचे बी उचलून नेतात. वाफ्याच्या कडेने राख टाकावी. आणि एक उकरणे मात्र करण्याजोगे आहे. काळ्या मातीस पाणी दिल्यावर ती वाळताना वर खपली धरते, आणि कोंब तिच्याखाली अडकून वाकडा होतो. ती खपली बोटांच्या टोकांनी हलकेच मोडावी, किंवा आधीच बियांवर माती न टाकता चाळलेले खत टाकावे. खपली मोडणे आणि बी उपटून पाहणे ह्यांत अर्ध्या बोटाचेच अंतर आहे, परंतु एकाने रोप जगते व दुसऱ्याने मरते.

आमच्या उपदेशक बंधूंस हे अंतर नीट ठाऊक असावे असे आम्हांस फार वाटते. महिन्याचा अहवाल लिहावा लागतो. त्यात रकाने असतात. किती घरांस भेटी, किती श्रोते, किती जण शिक्षण घेत आहेत, किती बाप्तिस्मे. रकाने वाईट नव्हेत. हिशेब ठेवणारा सेवक प्रभूला आवडतो. परंतु रिकामा रकाना पाहून ज्याची झोप जाते तो दुसऱ्या दिवशी काडी घेऊन वाफ्यावर येतो. गेल्या महिन्यात ज्याने प्रथमच शास्त्र ऐकले त्यास तो विचारतो, "मग काय ठरले?" ज्या तरुण मुलीने भीत भीत एक प्रश्न विचारिला तिचे नाव तो चार लोकांत घेतो. ज्या घरी नवऱ्याचा विरोध आहे त्या घरच्या बाईस तो सर्वांसमक्ष उभे राहून साक्ष द्यावयास सांगतो. मूळ फुटलेले होते ह्यात संशय नाही. ते सर्वांनी पाहिले, आणि त्यानंतर ते कोणासच दिसले नाही.

ज्यांच्या परिश्रमाने मराठी भाषेस पहिल्यावहिल्या मुद्रित पुस्तकांपैकी काही मिळाली, त्या विल्यम केरी साहेबांचे उदाहरण घ्या. ते बंगालमधील श्रीरामपूर येथे राहत. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर ते नव्हे. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले, कोश १८१० मध्ये, आणि मराठी नवा करार १८११ मध्ये. ते ह्या देशी १७९३ साली आले, आणि त्यांच्या मिशनात बंगालमधील पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पाल नावाच्या सुताराचा, १८०० सालच्या डिसेंबरात झाला. सात वर्षे! त्या सात वर्षांत त्यांनी भाषा शिकली, भाषांतर केले, निळीच्या कारखान्यात नोकरी केली, एक मूल पुरले, आणि बाग केली. ते अहवाल पाठवीत होते, परंतु त्या सात वर्षांत त्यांच्या रकान्यात काय होते ह्याची कल्पना वाचकांनी करावी.

केरी साहेबांस बागेचा नाद मोठा. १८२० मध्ये कलकत्त्यास शेती व बागायतीची जी संस्था निघाली तिचे ते संस्थापक. त्यांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडातून एका स्नेह्याने त्यांस बियांची पिशवी पाठविली. बिया काढून घेतल्यावर, पिशवीच्या तळाशी राहिलेली माती त्यांनी बागेत एका कोपऱ्यात झटकली, आणि ती जागा ध्यानात ठेविली. काही दिवसांनी तेथे एक रोप उगवले. पाहतात तो 'डेझी'! विलायतेतील कुरणांत पायांखाली तुडविले जाणारे ते क्षुद्र फूल. तीस वर्षांत त्यांनी ते पाहिले नव्हते, आणि पुन्हा दिसेल अशी आशाही नव्हती. ते कोणी पाठविले नव्हते आणि कोणी पेरिलेही नव्हते. पुढे १८२३ मध्ये दामोदर नदीस मोठा पूर आला व त्या बागेची फार हानी झाली. केरी साहेब तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. त्यांनी बाग पुन्हा लाविली.

जवळचेही एक उदाहरण आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली, ती फळबागेकरिता. शारदा सदनाचा खर्च फळांच्या उत्पन्नातून भागावा असा त्यांचा विचार होता. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. मध्य हिंदुस्थानातून आणिलेल्या उपाशी मुलींस ठेवावयास जागा हवी होती, आणि जागा होती ती तीच, बागेची. तेथे मुक्ती मिशन उभे राहिले. रमाबाईंनी फळझाडे लाविली तेव्हा हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते.

आता कोंब दिसला असे धरू. तो कसा येतो ते पाहिले आहे काय? काकडीचा, भेंडीचा, गवारीचा कोंब ताठ मानेने वर येत नाही. तो पाठ वाकवून येतो, आकड्यासारखा; आधी पाठ मातीतून निघते आणि डोके मागाहून. कोवळा शेंडा मातीत घासून मोडू नये म्हणून ही योजना आहे. उजेड लागला की मग तो सरळ होतो. पुष्कळदा काकडीच्या कोंबावर बियाचे टरफल टोपीसारखे अडकून राहते. ते पाहून हात शिवशिवतो. कृपा करून ते ओढू नये. ओढल्यास आतील पाने टरफलाबरोबर फाटून येतात. पाण्याचे दोन थेंब टाकावे. ते मऊ झाले की सकाळी आपोआप खाली पडलेले आढळते. नव्याने प्रभूकडे आलेल्या माणसाच्या डोक्यावरही जुन्या चालीरीतींची अशी एखादी टोपी कित्येक दिवस राहते. ती पाहून मंडळीतील वडील माणसे अस्वस्थ होतात. त्यांनी ती ओढू नये.

आणि पहिली दोन पाने! ती जाड, गुळगुळीत, गोलसर असतात, आणि पुढे येणाऱ्या पानांशी त्यांचे रूप मुळीच जुळत नाही. भेंडीचे खरे पान कातरलेले; पहिली दोन पाने अखंड. खरे म्हणजे ती बियाच्या आतच तयार होऊन बसलेली असतात, आणि त्यांत आईच्या झाडाने भरून ठेविलेली शिदोरी असते. रोप पहिले काही दिवस तीच खाऊन जगते. तिसरे पान येते ते त्याचे स्वतःचे. ते आले म्हणजे रोपाने स्वतःच्या मुळाने व स्वतःच्या पानाने जगण्यास आरंभ केला असे समजावे. पुढे पहिली दोन पाने पिवळी पडून गळतात, आणि माळी त्याचे दुःख करीत नाही.

ख्रिस्ती घरी जन्मलेल्या आपल्या मुलामुलींविषयी आम्ही हे लिहीत आहो. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा विहिरीवरून हाकलले गेले, भावकी तुटली, लग्ने अडली. त्यांनी जे सोसले ते त्यांच्या विश्वासाचे खरे पान होय. नातवास ते पान वारशाने मिळत नाही. त्यास मिळतात ती पहिली दोन. पाठ केलेली वचने, शब्बाथशाळेतील गाणी, आजीची संध्याकाळची प्रार्थना. ही शिदोरी थोर आहे, आणि जिच्यात ती भरलेली नाही ते बी दुबळे निघते. परंतु मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला, हिंजवडीस कामाला लागला, आणि लहानपणीची गाणी त्याच्या तोंडून येईनाशी झाली, म्हणजे आईबाप घाबरतात. पहिले पान पिवळे झाले हे त्यांस दिसते. तिसरे फुटत आहे की नाही हे पाहण्यास मात्र खाली वाकून, शेंड्याजवळ, शांतपणे पाहावे लागते. कधी ते खरोखरच फुटलेले नसते. तेव्हा रडावे, प्रार्थना करावी, पाणी द्यावे. परंतु पिवळे पान दोऱ्याने देठास बांधून ठेवू नये.

पाणीदेखील बेताने. उगवलेली रोपे जितकी दुष्काळाने मरत नाहीत तितकी मायेने मरतात. दाट पेरलेल्या, सदा ओल्या वाफ्यात रोपाचा देठ मातीलगत कुजतो आणि काल उभी असलेली रोपे आज सकाळी आडवी पडलेली दिसतात. त्यावर औषध फारसे चालत नाही. उपाय आधीच करावयाचा : पातळ पेरावे, ओळीने पेरावे, पाणी सकाळी द्यावे व दोन पाण्यांमध्ये वरची माती सुकू द्यावी. काकडी-दोडक्याच्या पहिल्या पानांवर तांबडे भुंगेरे येतात आणि दोन दिवसांत पानांची चाळण करतात. हा किडा सकाळच्या गारव्यात सुस्त असतो. त्याच वेळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावा. ऊन चढले की तो उडतो आणि मग त्याच्यामागे धावणे व्यर्थ. विरळणीविषयी आम्ही अधिक लिहीत नाही, कारण ती सर्वांस ठाऊक असून कोणीच करीत नाही. आळ्यात चार उगवली तर दोन ठेवावी. माठाची उपटलेली रोपे तरी फुकट जात नाहीत. त्यांची भाजी होते, आणि त्या वर्षाची ती पहिली भाजी असल्यामुळे गोड लागते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे सर्व ठीक आहे, परंतु परस कोठे आहे? हा प्रश्न रास्त आहे, आणि महाळुंग्यासारख्या गावात तर तो दररोजचा आहे. मुळा नदीच्या काठचे हे मुळशी तालुक्यातील गाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांकरिता बालेवाडी-महाळुंग्याच्या जमिनीवर क्रीडानगरी उभी राहिली. मग शेजारी हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या आल्या. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने महाळुंगे व माण ह्या गावांच्या जमिनीवर नगररचना योजना आखली, आणि २०२१ साली महाळुंगे पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत गेले. मुळशीच्या लोकांस जमीन जाणे नवीन नाही. वरच्या खोऱ्यात धरणासाठी जमिनी घेतल्या जात होत्या तेव्हा, १९२१ साली, सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. ज्यांच्या नावे जमीन आहे त्यांस आज पैसा किंवा आखीव भूखंड तरी मिळतो. ज्यांच्या नावे कधीच काही नव्हते, आणि आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबे अशीच आहेत, त्यांच्या घरामागचा वाफा कोणत्या कागदावर आहे? सातबारावर ज्वारी लिहिली जाते, ऊस लिहिला जातो; परसातील गवार कोठेच लिहिली जात नाही. ती जाते तेव्हा तिचा मोबदला मागण्यास कोणी जात नाही, आणि ज्या बाईची ती होती तिने हात पुसून बाजाराची पिशवी उचललेली असते.

पवित्र शास्त्रात भाजीच्या मळ्याचे नाव आणखी एका ठिकाणी येते, आणि ती जागा भयंकर आहे. अहाब राजास आपल्या वाड्याजवळ भाजीचा मळा हवा होता; म्हणून त्याने नाबोथाचा द्राक्षमळा मागितला. मोबदला देऊ केला, बदली जमीनही देऊ केली. नाबोथ म्हणाला, वडिलांचे वतन मी देणार नाही. पुढे काय झाले ते १ राजे ह्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात वाचावे. कोणी जमीन विकावी की ठेवावी हे आम्ही येथून सांगू शकत नाही. ज्याच्या घरी लग्न आहे व डोक्यावर कर्ज आहे त्याला ते सांगणे सोपे नाही. परंतु एवढे म्हणतो की, विक्रीच्या कागदावर अंगठा उठण्यापूर्वी परसात जिचा हात राबतो तिला एकदा विचारावे. नाबोथाची बायको होती की नाही हे शास्त्र सांगत नाही. पण भाजी कोण निवडीत असेल हे आपणांस ठाऊक आहे.

आणि ज्यांचे परस गेलेच आहे त्यांस यिर्मयाचे पत्र आहे. बाबेलास धरून नेलेल्या लोकांस, ज्यांचे तेथे काहीच नव्हते, त्याने एकोणतिसाव्या अध्यायात कळविले की घरे बांधा व बागा लावा आणि त्यांचे फळ खा. परक्या गावी, भाड्याच्या भूमीत, केव्हा उठावे लागेल ह्याचा नेम नसता. सत्तर वर्षांची मुदतही त्याने त्याच पत्रात सांगितली आहे. म्हणजे लावणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तेथेच मरणार हे त्यास ठाऊक होते.

महाळुंगे, बाणेर, सूस ह्या भागांत चाळींच्या व इमारतींच्या पायरीवर आज रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, सिमेंटच्या गोण्या मातीने भरून ठेविलेल्या दिसतात. त्यांत मेथी, माठ, कोथिंबीर वीतभर मातीत होते. भेंडीस व मिरचीस हातभर खोली हवी. रंगाचा डबा असेल तर आधी तो पुष्कळ घासून धुवावा, आणि न घासता आल्यास त्यात फुलझाड लावावे, भाजी नव्हे. बांधकामावरील राडारोड्याची माती घेऊ नये. तिच्यात चुना व सिमेंट असते आणि बी उगवून पिवळे पडते. नदीचे पाणीही, जेथे ती जलपर्णीने झाकलेली व नाल्यांच्या पाण्याने काळी झाली आहे तेथून, पालेभाजीस घालू नये. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी मात्र अगदी चांगले, आणि ते प्रत्येक घरी दोन वेळा असते.

बी विकत घेताना पाकिटावर सुधारित की संकरित हे पाहावे. संकरित बियाचे पीक जोमदार येते, परंतु त्याच्या फळाचे बी धरून पुढील वर्षी पेरल्यास तसेच झाड येत नाही. सुधारित किंवा गावठी असेल तर बी धरता येते. मात्र आपल्याकडे एक वाईट खोड आहे : चांगल्या भेंड्या तोडून खावयाच्या, आणि शेवटी सुकून राहिलेली, कोणी न तोडलेली, ती बियासाठी. उलट करावे. पहिल्या बहरातील जोमदार झाड निवडून त्याच्या देठास चिंधी बांधावी आणि त्या झाडाची भेंडी घरच्या माणसांस तोडू देऊ नये.

ज्यांनी अद्याप पेरले नाही त्यांस होळीपर्यंत अवकाश आहे. भेंडी व गवार संध्याकाळी भिजत घालावी आणि सकाळी पेरावी. कारल्यास एक दिवस अधिक द्यावा. डब्याच्या बुडास भोके पाडावयास विसरू नये, आणि घरी लहान मूल असेल तर एक डबा जास्त भरावा.